वडिलांचं दुकान आणि वडिलांची वही

पत्र

मी ३६ वर्षांचा आहे. १७ वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीच्या अडतीचं, म्हणजे शेतकऱ्यांचा माल व्यापाऱ्यांना विकून देण्याचं, दुकान आहे, आजोबांपासूनचं. वडील चैत्रात वारले. हरिपूरला आमची जुनी पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, आहेत, २००५ च्या पुरापासून बंद. रात्री दीडच्या सुमारास वडील त्या जागेत पडलेले सापडले. पोस्टमॉर्टेममध्ये हृदयविकार निघाला. इतक्या रात्री ते तिथे का गेले, कुणी सांगत नाही. मी अर्ज करून पेन्शनीवर घरी आलो.

तिजोरीत एक वही मिळाली, तीत नुसती अक्षरं आणि आकडे. दर महिन्याला ‘ता.’ असं लिहून पुढे १५ हजार. शिवाय ९ कोरे स्टॅम्प पेपर, प्रत्येकावर वेगळ्या माणसाची सही नाहीतर अंगठा. आणि एक किल्ली, कशाची ते माहीत नाही. दिवाणजी ३० वर्षं आमच्याकडे आहेत. म्हणतात, “मालक गेले, त्यांच्याबरोबर ते गेलं.” आई म्हणते, शोधू नको. यार्डातला एक जण म्हणतो, तुझ्या वडिलांकडे माझे १८ लाख आहेत, कागद नाही. बँक कॅश क्रेडिटच्या, म्हणजे दुकानाच्या फिरत्या कर्जाच्या, नूतनीकरणावर सही मागते आहे. बहिणी दोन, मोठे दाजी रोज फोन करतात. गेले आठ महिने दुकान वडिलांच्याच नावावर दिवाणजी चालवतायत. मुलाची शाळा सांगलीत घेतली आहे. दुकान घेऊ का? आणि वडील काय लपवत होते ते शोधू का? फौजेत निदान समोर कोण आहे ते माहीत असायचं.

– एक माजी सैनिक, सांगली जिल्हा

उत्तर

हवालदारसाहेब,

(गावात एव्हाना तुम्हाला ‘मेजर’ म्हणत असतील. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर होतो. मी आपली खऱ्या हुद्द्यावर थांबते.)

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत आणि मला वाटतं तुमची झोप त्यामुळेच उडाली आहे. ते आधी वेगळे करा. दुकानाच्या प्रश्नाला मुदत आहे: नवी हळद जानेवारीअखेर यायला लागते, फेब्रुवारीत सौदे रंगात येतात, तोवर तुमचं काहीतरी ठरलेलं हवं. वडिलांच्या प्रश्नाला मुदत नाही. तो सहा महिन्यांनी सुटला तरी चालेल, कधीच सुटला नाही तरी दुकान चालेल. तुम्ही मात्र वही उलगडेपर्यंत दुकानाला हात लावायचा नाही असं मनाशी धरून बसला आहात, आणि तोवर दुकान तुमच्या नकळत तुमच्या गळ्यात पडत चाललं आहे. कसं ते सांगते.

बँकेपासून सुरुवात करू. नूतनीकरणाच्या कागदावर सही करू नका. वडिलांचं कर्ज हे त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडायचं असतं. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या वारशापुरती. बापाचं कर्ज मुलानं आपल्या खिशातून फेडावं ही जुनी धर्माची जबाबदारी २००५ च्या दुरुस्तीनं, त्यानंतरच्या कर्जापुरती, कायद्यातून गेली आहे. पण त्या कागदावर तुम्ही कर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलीत की तेच कर्ज तुमचं स्वतःचं होतं. मॅनेजर गोड बोलेल, “नुसती फॉर्मॅलिटी आहे” म्हणेल. त्यांना लेखी पत्र द्या: वडील अमुक तारखेला वारले, येणं किती आहे त्याचा उतारा द्या, तारण काय काय आहे त्याची यादी द्या, जामीनदार कोण ते कळवा. यादी आल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. आणि तुमची ग्रॅच्युइटी, फंड, जे काही एकरकमी हातात आलं आहे, त्यातला रुपयाही या घडीला दुकानात घालू नका. पेन्शनवर कर्ज देणाऱ्याची जप्ती येत नाही, कायद्यानं ती सुरक्षित आहे. पण तुम्ही स्वतःच काढून दिलेल्या पैशाला कायदा काय करणार?

दुसरी गोष्ट याहून तातडीची. गेलेल्या माणसाच्या जीएसटी नंबरावर आठ महिने बिलं फाटतायत. हे आज थांबवा. मालक वारला की त्याची नोंदणी रद्द करून घ्यायची आणि धंदा चालवणाऱ्या वारसानं आपल्या नावे नवी घ्यायची, असा नियम आहे. तुमचा उशीर झालेलाच आहे, तो कर सल्लागाराकडून निस्तरून घ्या. यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. वारसानं तोच धंदा पुढे चालवला तर मृताचा थकलेला जीएसटी त्याच्यावर येतो. धंदा बंद केला तर तो फक्त मागे राहिलेल्या मालमत्तेतून, तेवढ्यापुरता वसूल होतो. म्हणजे “बघू, तोवर चालू राहू दे” हा तुमच्या घरात झालेला न-निर्णय हाच एक निर्णय ठरू शकतो, आणि तो तुम्ही न घेता घेतला गेला आहे. बाजार समितीचा अडत्याचा परवानाही वडिलांच्या नावे होता. समितीच्या सचिवांना भेटा, गाळा भाडेपट्ट्यावर आहे का, कुणाच्या नावे आहे, परवाना वारसाकडे वर्ग करायला काय लागतं, हे विचारून या. दिवाणजींना पाठवू नका. स्वतः जा.

आता ते ९ स्टॅम्प पेपर.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, आणि तुम्ही ते अर्ध्या ओळीत आटपलंत. रात्री दीडला वडील कुठे होते याचं गूढ तुम्हाला मोठं वाटतं. मला कोऱ्या कागदावरचे ते अंगठे मोठे वाटतात. तुम्ही लहानपणापासून बोर्डिंग आणि मग फौज यात बाहेर असाल तर कदाचित अडतीचा आतला व्यवहार तुम्हाला ठाऊक नसेल. शेतकऱ्याला लागणीला, शिजवणीला, मजुरीला पैसे लागतात. तो अडत्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो आणि माल त्याच्याच दुकानी घालायचं कबूल करतो. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, होताना उचल वळती होते. वर्षानुवर्षं चालत आलेली रीत आहे, आणि अनेक शेतकऱ्यांचा हंगाम तिच्यावर उभा राहतो. वहीतली अक्षरं आणि आकडे म्हणजे साधी उचलीची खाती असू शकतात. नावाऐवजी पहिलं अक्षर लिहिणं ही जुन्या पेढ्यांची सवय, त्यात लपवाछपवी असेलच असं नाही.

पण उचलीवर व्याज सुरू झालं, तारण म्हणून कोऱ्या कागदावर सही घेतली गेली, की ती उचल राहत नाही, ती सावकारी होते. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीत बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना आहे. तुमच्या वडिलांनी हे केलं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण शोधायला वही फोडून बसायची गरज नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या खतांची सूची असते, ती वडिलांच्या नावानं मिरज, तासगाव, वाळवा, जिथे जिथे त्यांचे शेतकरी असतील त्या तालुक्यांत काढून घ्या. गेल्या १५-२० वर्षांत त्यांच्या किंवा आईच्या नावे किती खरेदीखतं झाली? किमती बाजाराच्या मानानं किती? मग त्या गटांचे सातबारे काढा आणि पाहा, जमीन अजून जुना मालकच कसतो आहे का. विकणाऱ्यांपैकी कुणाची सही त्या ९ कागदांवर आहे का. चार दिवसांचं काम आहे, आणि त्यातून जे कळेल ते यार्डातल्या वर्षभराच्या कुजबुजीतून कळणार नाही.

एक मोह तुम्हाला होईल, आणि तो आजच सांगून ठेवते. हंगामात पैशाची चणचण लागेल, एखादा शेतकरी माल दुसऱ्या दुकानी घालेल, आणि कुणीतरी, बहुधा दाजी, म्हणतील, “अरे, त्याचा कागद आहे की आपल्याकडे.” त्या कागदावर एक ओळ जरी लिहिलीत तरी आजवर जे वडिलांचं होतं ते तुमचं झालं. वडील गेले, त्यांच्यावर आता खटला चालणार नाही. तुमच्यावर चालेल. ते कागद जाळूही नका; रागाच्या भरात तसं करावंसं वाटतं, पण मग उद्या कुणी तक्रार केली तर तुम्ही पुरावा नष्ट केलात असं होतं. वकिलाकडे यादी करून सोपवा. ज्याचा हिशेब लागेल त्याला दोन साक्षीदारांसमोर, पोच घेऊन, त्याचा कागद परत करा. ज्यांचं खरोखर देणं आहे त्यातले काही बुडवतील. बुडवू द्यात. मला हे सांगणं सोपं आहे हे मला कळतं, पैसे तुमचे जाणार आहेत. तरी सांगते.

हरिपूर. वडिलांचं पोस्टमॉर्टेम झालं म्हणजे पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झालीच आहे. त्या कागदपत्रांत पंचनामा असतो: अंगावर काय होतं, खिशात काय सापडलं, गाडी कुठे उभी होती, आसपास कुणाच्या खुणा होत्या का. तुम्ही पंचनामा वाचलाय असं पत्रात कुठेच नाही. आठ महिने तुम्ही माणसांना विचारताय, कागदाला विचारलंच नाहीत. पोलीस ठाण्यात अर्ज करून पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम अहवाल या दोन्हींच्या प्रती घ्या आणि एखाद्या डॉक्टरकडून अहवाल समजून घ्या. वडिलांचा मोबाईल घरात असेल तर त्या रात्रीचे शेवटचे फोन त्यातच आहेत. यातून काही खटकणारं निघालं तर वकिलामार्फत पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. काहीच निघालं नाही, तर साठी उलटलेला माणूस झोप लागली नाही म्हणून आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसला आणि तिथेच त्याचं हृदय बंद पडलं, हीही एक शक्यता आहे. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून माल नासला, तेव्हा कुणाचं काय काय त्यात गेलं असेल याची कल्पना तुम्हाला असेलच. काही माणसं अशा जागेवर पुन्हा पुन्हा जातात.

आणि कृपा करून रात्री बॅटरी घेऊन तिथे रेकी करायला जाऊ नका. तुम्ही जाल, मला तुमच्या पत्राच्या सुरावरूनच कळतंय. जायचंच तर दिवसा जा, दोन माणसं बरोबर घ्या, आणि बंद पेवाचं तोंड उघडून लगेच आत उतरू नका. तोंड बंद राहिलेल्या पेवात प्राणवायू राहत नाही. जुनी हमाल मंडळी तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू देत आणि मगच आत उतरत. हवेशिवायच्या पेवात उतरून माणसं दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत. जुनं बांधकाम, पुराचं पाणी मुरलेलं, ते ढासळूही शकतं. त्या पेवात काही असेल असं मला वाटत नाही. असलं, तर ते आठ महिने तिथेच आहे, अजून आठ दिवस राहील.

किल्लीचं उत्तर बहुधा याहून नीरस आहे. बँकेच्या लॉकरचं भाडं वर्षातून एकदा खात्यातून वळतं होतं. वडिलांची सगळी पासबुकं काढा आणि ती नोंद शोधा. सापडली तर लॉकर एकट्यानं उघडू नका. आई आणि दोन्ही बहिणी हजर असताना, आतल्या वस्तूंची यादी करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन उघडा.

‘ता.’ च्या १५ हजारांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण जे विचारायला धजत नाही ते मला वाचता येतं. दुसरं घर असेल का, दुसरं मूल असेल का. असेल. किंवा पेव ढासळून दगावलेल्या एखाद्या हमालाच्या बायकोला मदत असेल, तासगावच्या एखाद्या मित्राला गुपचूप दिलेला हप्ता असेल, एखाद्या आजारी आतेभावाचं औषध असेल. आई “शोधू नको” म्हणते याचा अर्थ मला असा वाटतो की तिला माहीत आहे. सगळं नसेल, पुरेसं असेल. तिला उलटतपासणीसारखं विचारू नका. तिला सांगा की मी तुला वहीबद्दल विचारत नाही, एवढंच सांग, आपल्या घराबाहेर आपल्यावर अवलंबून असलेलं कुणी आहे का, कारण वडील गेल्यापासून त्या माणसाचे पैसे थांबले आहेत. हा प्रश्न वेगळा आहे, त्याला आई वेगळं उत्तर देईल.

याला कायद्याची बाजूही आहे. दुसऱ्या संबंधातून मूल असेल आणि त्या संबंधाला लग्नाचं रूप दिलं गेलं असेल, तर लग्न कायद्यानं रद्दबातल असलं तरी त्या मुलाला वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतल्या वडिलांच्या वाट्यालाही हे लागू केलं. तुम्हाला उद्या कोर्टात वारस दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करायचं आहे, त्यात “आम्हीच काय ते वारस” असं लिहायचं आहे. ते लिहिण्याआधी आईचं उत्तर हवं.

दिवाणजींवर तुमचा राग आहे. मला त्यांची बाजूही दिसते. ३० वर्षं मालकाच्या हाताखाली वही लिहिणारा माणूस, त्या वहीत काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक. उद्या काही निघालं तर अक्षर त्याचं आहे. तुम्ही त्याच्यासमोर फौजी आवाजात उभे राहिलात तर तो गप्पच बसणार. (हमालांशीही त्या आवाजात बोलू नका. ते माथाडी मंडळाचे कामगार आहेत, तुमच्या सेक्शनचे जवान नाहीत. ऐन सौद्याच्या दिवशी तोलाई थांबली की कळेल.) दिवाणजींना आधी सांगा की हंगामभर पगार चालू राहील, आणि ते लिहून द्या. मग वही समोर ठेवून ‘मालक काय लपवत होते’ असं न विचारता, एकेक अक्षर वाचून दाखवायला सांगा. हे कोण, गाव कुठलं, शेवटची पट्टी कधी झाली. हिशेबनीस माणूस गुपित सांगत नाही, पण हिशेब चुकीचा वाचलेला त्याला सहन होत नाही. मुद्दाम एखादं नाव चुकवा. तो दुरुस्त करेल.

१८ लाखवाल्याला चहा पाजा आणि सांगा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतोय, ज्यांचं येणं आहे त्यांनी १५ दिवसांत पुराव्यासकट वकिलांकडे यावं, तुम्हीही या. यार्डात बरेच व्यवहार तोंडी चालतात, त्यामुळे कागद नाही म्हणजे तो खोटा, असं धरू नका. पण त्याच्या वहीत नोंद असेल, बँकेतून काही रक्कम फिरली असेल, दिवाणजींना माहीत असेल. यातलं काहीच नसेल तर नुसत्या शब्दावर १८ लाख मान्य करू नका, आणि “बघू, देऊ” असंही कुठे लिहून देऊ नका. जे तुमचं इतरांकडून येणं आहे, खरेदीदार व्यापाऱ्यांकडून, ते कोर्टामार्फत वसूल करायला वारसा प्रमाणपत्र लागेल. पैशाच्या दाव्याला मुदत साधारण ३ वर्षांची, म्हणून जुनी थकबाकी आधी बघा.

बहिणींचा वाटा तुमच्याइतकाच आहे, आईचाही. हक्कसोडपत्राची घाई दाजींना असो की तुम्हाला, देणं किती आणि मालमत्ता किती हे आकडे बहिणींच्या हातात पडेपर्यंत कुणीही कशावर सही करू नये. दाजींना नाही, बहिणींना बोलवा आणि वही त्यांनाही दाखवा. वडील त्यांचेही होते.

मग दुकान घ्यायचं का? माझं मत विचारताय तर, आहे तसं नाही. वडिलांच्या पेढीचा हिशेब कर सल्लागाराकडून मिटवून घ्या, थकबाकी किती ते कळू द्या. ती झेपण्यासारखी असेल तर आपल्या नावे परवाना, आपल्या नावे खातं, कॅश क्रेडिट नाही, आणि या हंगामात ओळखीच्या थोड्या शेतकऱ्यांचाच माल. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी द्यायचे आणि खरेदीदाराकडून मागाहून यायचे, या दोन तारखांमधलं अंतर भरून काढणं म्हणजेच अडत. ते अंतर तुम्हाला स्वतःच्या ताकदीवर किती भरता येतं हे एका हंगामात कळेल. थकबाकी झेपण्यासारखी नसेल तर धंदा बंद झाल्याची रीतसर नोंद करा आणि यार्डात दुसऱ्याकडे दोन हंगाम काम शिका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक फेरी मारा. माजी सैनिकांसाठी नोकरीच्या जागा असतात, त्यांची माहिती तिथे मिळते, आणि घरात ठरावीक पगार येत असेल तर माणूस दुकानाचा निर्णय घाईनं घेत नाही.

शेवटचं एक. तुमचं लग्न झालं आहे हे मला ‘मुलाची शाळा’ या दोन शब्दांवरून कळलं. तुम्ही सीमेवर असताना तुमची बायको बरीच वर्षं त्याच घरात सासू-सासऱ्यांबरोबर राहत होती, असं धरून चालते. रात्री कोण फोन करायचं, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सासरे कुठे जायचे, कोण दारात येऊन परत जायचं, हे तिनं पाहिलेलं असणार. दिवाणजींना विचारलंत, आईला विचारलंत, यार्डातल्या माणसाचं ऐकून घेतलंत. तिला विचारलंत का?